कुलवृत्तांतांतील कोरीं पानें

ज्या घरांत हा अंक वाचला जातो, त्यांपैकीं पुष्कळ घरांच्या कपाटांत एक जाड, कापडी बांधणीचें पुस्तक असतें. गणपतीला किंवा लग्नकार्याला सगळी मंडळी जमली म्हणजे तें बाहेर निघतें. आपलें नांव कोणत्या पानावर आहे हें मुलांना दाखविण्यांत येतें. आणि मंडळी पांगली कीं तें पुन्हा कपाटांत जातें. हें पुस्तक म्हणजे घराण्याचा कुलवृत्तांत. या महिन्यांत त्या पुस्तकाविषयीं, आणि त्या निमित्तानें खऱ्या लेखनाविषयीं, चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. विषय घरगुती दिसेल. परंतु वाङ्मयांतला सगळ्यांत अवघड प्रश्न बहुधा घरांतच अडतो, आणि सुटला तर घरांतच सुटतो, अशी आमची समजूत आहे.

कुलवृत्तांत सिद्ध करणाऱ्यांचे श्रम लहान नसतात. गांवोगांव पत्रें पाठवावयाचीं, उत्तर न देणाऱ्यांना पुन्हा लिहावयाचें, तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहावयाच्या, जुनीं दप्तरें झाडावयाचीं, आणि हें सर्व बहुधा स्वखर्चानें. त्या श्रमांचा आदर राखूनच आम्ही विचारतों कीं, अशा ग्रंथांत माणूस कितीसा सांपडतो? मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, स्थलांतर, हुद्दा, निवृत्तीचें वर्ष, अपत्यें, आणि शेवटीं एक ओळ : स्वभावानें शांत, वृत्तीनें धार्मिक, परोपकारी. दोनशे वर्षांत होऊन गेलेलीं दीडशें माणसें, आणि सगळीं शांत, धार्मिक व परोपकारी! मग आपल्या घरांतलीं भांडणें कोणीं केलीं? वाटणीच्या वेळीं कोर्टाच्या पायऱ्या कोण चढलें? ऐन विशींत आलवण नेसून माजघराच्या अंधारांत पन्नास वर्षें काढणारी ती आत्या कोणत्या पानावर आहे? अलिबागेजवळ चरी येथें शेतकऱ्यांनीं १९३३ सालीं खोतांविरुद्ध संप पुकारला, तो १९३९ पर्यंत चालला. त्या काळीं ज्या घराण्यांच्या जमिनी या भागांत होत्या, त्यांच्या वृत्तांतांत त्या संपाची एक ओळ तरी आहे काय?

नसावी, याचें आम्हांस फारसें आश्चर्य वाटत नाहीं. खोटें लिहिण्याचा कोणाचा हेतु नसतो. प्रत्येक वाक्य वेगळें काढून पाहिलें तर तें खरेंच असतें. परंतु सर्व वाक्यें खरीं असूनहि पुस्तक खरें नसूं शकतें, कारण मनुष्य जें सांगतो त्याइतकाच जें गाळतो त्यानेंहि ओळखला जातो. मनुष्यस्वभावाची ही एक जुनी खोड आहे. आपल्याला आपले पूर्वज सगुण हवे असतात. कारण ते सगुण असले म्हणजे त्यांचा वारसा आपोआप आपल्याकडे येतो आणि आपल्याला स्वतः कांहीं करावें लागत नाहीं.

पेणच्या वाचकांना हा प्रकार समजावयास वेळ लागणार नाहीं. पेण आणि त्याच्या आसपासचीं हमरापूर, जोहे यांसारखीं गांवें गणपतीच्या मूर्तींसाठीं सगळ्या महाराष्ट्रांत आणि महाराष्ट्राबाहेरहि प्रसिद्ध आहेत. तेथील कारखान्यांत एका सांच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात. सोंड तीच, पोट तेंच, बैठक तीच. मग हात फिरवून सफाई होते, रंग चढतो, आणि सर्वांत शेवटीं कसलेला कारागीर डोळ्यांची आखणी करतो. ज्याला डोळे आखतां येतात त्याचा मान कारखान्यांत वेगळा असतो, कारण तोंपर्यंत सगळ्या मूर्ति सारख्याच असतात. सांचा ही कांहीं वाईट वस्तु नव्हे. त्यावांचून घरोघरीं गणपति बसलेच नसते. परंतु आपले मृत्युलेख, सत्कारसमारंभांतील मानपत्रें आणि कुलवृत्तांतांतील त्या शेवटच्या ओळी सांच्यांतून निघतात आणि तशाच घरोघर जातात. डोळे आखावयाचे राहूनच जातात. वाचणारा त्या माणसाकडे पाहतो, पण तो माणूस कांहीं वाचणाऱ्याकडे पाहत नाहीं.

याच पेण तालुक्यांत गागोदें नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढें जग त्यांना विनोबा म्हणूं लागलें. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते वडिलांकडे बडोद्यास गेले. परंतु गागोद्याच्या घराविषयीं, आजोबांविषयीं आणि आईविषयीं त्यांनीं उत्तरायुष्यांत ज्या आठवणी सांगितल्या, त्या आम्हांस मराठी कुलवृत्तांताचा एक उत्तम नमुना वाटतात. त्यांत हुद्दे नाहींत, सनदा नाहींत. काय आहे तें थोडक्यांत सांगतों.

त्यांच्या घरीं एक अंध गृहस्थ राहत. मुलें त्यांना आंधळे काका म्हणत. घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणेंच त्यांचें जेवणखाण होत असे. पुढें भावे कुटुंब बडोद्यास असतां त्यांच्या निधनाचें वर्तमान आलें. पण घरांत सुतक पाळलें गेलें नाहीं, तेव्हां विनोबांनीं आईला कारण विचारलें. आईनें सांगितलें कीं, ते आपले नात्याचे कोणीच नव्हते. अडचणींत होते म्हणून आपल्याकडे राहिले होते. मुलाला तोंवर त्याचा पत्ताच नव्हता. वाचकांनीं क्षणभर विचार करावा : कोणत्याहि वंशवृक्षाला या आंधळ्या काकांची फांदी फुटणार नाहीं. शास्त्राप्रमाणें त्यांचें सुतक नाहीं, आणि कुलवृत्तांताच्या नियमाप्रमाणें त्यांना पान नाहीं. परंतु त्या घराण्याविषयीं सांगण्यासारखी जी सर्वांत मोठी गोष्ट, ती नेमकी त्या रक्ताचें नातें नसलेल्या माणसांतच आहे.

दुसरी आठवण गुळाची. घरांत राहणाऱ्या एका मुलानें न विचारतां गूळ घेतला, तो आजीनें पाहिला आणि चोरी म्हणून आजोबांच्या, म्हणजे शंभुरावांच्या, कानांवर घातला. आजोबांनीं ती चोरी मानली नाहीं. घर त्याचें, गूळहि त्याचाच; त्यानें विचारलें नाहीं एवढेंच झालें, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं मुलाला जवळ बोलावून, पुढें हवा असेल तेव्हां मागून घे, असें समजाविलें. ही गोष्ट मुलांना कसें वागवावें याचा धडा म्हणून सांगतात, आणि तो धडा त्यांत आहेच. आम्हांस त्यांत लेखनाचाहि एक धडा दिसतो. आजी खोटें बोलत नव्हत्या; त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलेंच सांगितलें. परंतु त्यांनीं जो शब्द योजिला तो घडलेल्या गोष्टीहून मोठा होता. आजोबांनीं शब्द लहान केला आणि गोष्ट बरोबर झाली. खरें लिहिणें म्हणजे पुष्कळदां एवढेंच असतें : घडलेल्या गोष्टीच्या मापाचा शब्द शोधावयाचा, तिच्याहून मोठा नको आणि लहानहि नको.

तिसरी आठवण गणपतीची. आजोबा मुलांकडून चंदन उगाळून घेत आणि त्याची मूर्ति करीत. तिची प्राणप्रतिष्ठा होई, भक्तिभावानें पूजा होई, आणि मुदत भरली कीं तीच मूर्ति पाण्यांत विसर्जित होई. ज्या मुलांनीं आपल्या हातांनीं चंदन उगाळलें त्यांना त्याचें दुःख होणें साहजिक होतें. परंतु आवाहन जितकें मनापासून तितकेंच विसर्जनहि, हा संस्कार त्यांत होता.

या संस्काराचें फळ विनोबांच्या लेखनांत दिसतें. तरुणपणीं ते कविता करीत. कविता मनासारखी साधली कीं ती अग्नीला अर्पण करीत. १९१६ सालीं काशीस गेले तेव्हां तेथेंहि कविता लिहून गंगेंत सोडीत. एवढें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग खरा लेखक तोच जो लिहून जाळतो. आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि विनोबांचें पुढील चरित्रहि तसें सांगत नाहीं. त्यांच्या आईला गीता वाचावयाची होती, पण संस्कृत येत नव्हतें. मुलानें मराठी भाषांतर आणून दिलें, तें तिला कठीण गेलें. तेव्हां, तूंच कां करीत नाहींस, असें ती म्हणाली. ती १९१८ सालीं वारली. त्यानंतर बारा वर्षांनीं, ७ ऑक्टोबर १९३० रोजीं, विनोबांनीं गीतेचा समश्लोकी अनुवाद हातीं घेतला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं संपविला. हीच ‘गीताई’. ती त्यांनीं आश्रमांतल्या एका लहान मुलीला शिकवून पाहिली. तिला जेथें अडलें तेथें शब्द बदलले. मगच ती छापावयास गेली.

आतां या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. ज्या कविता केवळ स्वतःच्या समाधानासाठीं होत्या, त्या समाधान झाल्यावर अग्नींत गेल्या. जें लेखन कोणासाठीं तरी होतें, तें राहिलें, आणि त्याची परीक्षा विद्वानांकडे न जातां एका लहान मुलीकडे गेली. ज्याला वाचणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढें आहे त्याला खोटा डौल आणतां येत नाहीं. आईपुढें कोण डौल आणणार? तिला आपलें सगळें ठाऊकच असतें. आपले कुलवृत्तांत निर्जीव होतात याचें एक कारण आम्हांस येथें सांपडतें. ते कोणासाठीं लिहिले आहेत हेंच ठरलेलें नसतें. ते समाजाच्या डोळ्यांसाठीं लिहिलेले असतात, आणि समाज म्हणजे कोणीच नव्हे. तेच पान आपल्या नातीसाठीं लिहावयाचें ठरवा. पहिल्याच वाक्याला लेखणी थबकेल, आणि ती थबकणें हेंच चांगलें लक्षण.

विनोबांचीं गीता-प्रवचनें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारीं एक याप्रमाणें झालीं. तीं टिपून घेतलीं साने गुरुजींनीं. त्याच साने गुरुजींनीं पुढच्या वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत, फेब्रुवारीच्या पांच दिवसांत, ‘श्यामची आई’ लिहिली. कोंकणांतल्या एका पडत्या ब्राह्मण घराची ती गोष्ट आहे. कर्ज आहे, जप्ती आहे, आईचें आजारपण आहे. श्याम आपल्या चुका, आपला हट्ट, आपण केलेली लबाडी स्वतःच्या तोंडानें सांगतो. हें पुस्तक १९३५ पासून आजवर पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वाचलें गेलें. त्या घराण्याची अप्रतिष्ठा झाली काय? उलट, मराठींत त्या आईइतकी प्रतिष्ठा क्वचितच दुसऱ्या कोणा आईला मिळाली असेल. सावकाराचा तगादा लपविला असता तर तिचा मोठेपणाहि त्याबरोबर लपला असता.

स्त्रियांनीं तर या बाबतींत मराठीवर फार मोठें ऋण करून ठेवलें आहे. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालचें. शिकत असल्याबद्दल घरांतल्याच बायकांनीं कसा छळ केला, हें त्यांनीं त्यांत लिहिलें. आणि तें करतांना त्या बायकांना राक्षसिणी करून टाकलें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून पुढें प्रसिद्ध झालीं. त्यांच्या वडिलांचें सोंवळें पराकोटीला गेलेलें होतें, आणि घरांतल्या बायकामुलांचे त्यापायीं फार हाल होत. लक्ष्मीबाई तें सगळें सांगतात, वाचणाऱ्याला हंसवितात, आणि जातां जातां त्याचें मूळहि सांगून ठेवतात : त्यांच्या आजोबांना, म्हणजे वडिलांच्या सासऱ्यांना, सत्तावनच्या बंडानंतर फांशीं देण्यांत आलें होतें, आणि त्या धक्क्यानें वडिलांचें मन तसें झालें. हें एक वाक्य आलें कीं आपलें हंसणें थांबतें. तो विक्षिप्त म्हातारा एकदम एक भ्यालेला माणूस म्हणून आपल्यापुढें उभा राहतो. मनुष्यस्वभावाचें ज्ञान म्हणतात तें हें. दोष झांकल्यानें तें येत नाहीं, आणि नुसता दोष दाखविल्यानेंहि येत नाहीं. दोषाच्या मागें माणूस दिसला म्हणजे तें येतें.

एकाच घराचीं दोन पुस्तकें कशीं असतात, हेंहि पाहण्यासारखें आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं आपलें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना बाया म्हणत, यांचें ‘माझें पुराण’ त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं, १९४४ सालीं, आलें. संसार एकच, संस्थाहि तीच. पण पतीच्या पुस्तकांत जो त्याग दिसतो त्याची घरांतल्या चुलीला किती झळ लागली, हें पत्नीच्या पुस्तकांत कळतें. त्यांपैकीं एक खरें आणि दुसरें खोटें असें नाहीं. दोन्हीं मिळून खरें होतें. अण्णांची थोरवी त्यामुळें तिळभरहि उणी झाली नाहीं. मात्र तिची किंमत आणखी कोणीं दिली, हें आतां आपल्याला ठाऊक आहे.

रोह्याचें नांव घेतलें म्हणजे चिंतामणराव देशमुखांची आठवण अटळ. त्यांचा जन्म १८९६ सालीं महाडजवळच्या नाते गांवीं झाला. परंतु घराणें रोह्याचें आणि लहानपण रोह्यांतलें. १९१२ सालीं मॅट्रिकला संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति, १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंत पहिला क्रमांक, १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि पुढें देशाचे अर्थमंत्री. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवादहि त्यांनीं केला. कुलवृत्तांताला याहून काय हवें? परंतु त्यांच्या चरित्रांतलें आमच्या विषयाला लागणारें पान यांपैकीं एकहि नव्हे. ते १९५२ सालीं कुलाबा जिल्ह्यांतून लोकसभेवर निवडून गेले होते. १९५६ सालच्या जुलैंत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून त्यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेंत उभे राहून त्याचीं कारणें सांगितलीं. हा निर्णय मंत्रिमंडळांत रीतसर विचार न होतां जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता. पंतप्रधान नेहरूंनीं तो मान्य केला नाहीं. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, प्रकृतीचें कारण सांगून निघून जाण्याची सोय असतांना त्यांनीं खरें कारण, स्वतःच्या नांवानें, आणि ज्याच्याविरुद्ध तें होतें त्याच्यासमोर सांगितलें. पाठीमागें सांगितलेलें खरें आणि समोर सांगितलेलें खरें यांत पुष्कळ अंतर आहे. समोर सांगणाऱ्याला उत्तर ऐकून घ्यावें लागतें. याच चिंतामणरावांनीं १९७४ सालीं इंग्रजींत आत्मचरित्र लिहिलें. आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांनीं १९८० सालीं आपल्या सहजीवनाविषयीं वेगळें पुस्तक लिहिलें. येथेंहि पुन्हा एका घराचीं दोन पुस्तकें.

आतां जो आक्षेप आमच्या अनेक वाचकांच्या मनांत मघांपासून उभा असेल, त्याकडे वळूं. घरांतलीं वडील माणसें म्हणतील, घरचें उणें चव्हाट्यावर मांडण्यांत कसला आला आहे प्रामाणिकपणा? झांकली मूठ सव्वा लाखाची. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. एकत्र कुटुंब चालतें तें पुष्कळसें न बोलण्यावर चालतें. जावेनें जावेला बोललेला प्रत्येक शब्द जर लिहून ठेवला, तर कोणत्याहि घरांत दुसऱ्या दिवशीं चूल पेटणार नाहीं. शिवाय खरेपणाच्या नांवाखालीं आपल्या मनांतला सल काढून घेणारे लेखकहि थोडे नाहींत. गेलेला माणूस उत्तर देऊं शकत नाहीं, ही त्यांची हिंमत असते. अशा लेखनाला आम्ही खरें लेखन म्हणत नाहीं. तें वाटणीच्या दाव्याचें दुसरें अपील असतें, इतकेंच.

परंतु झांकलेल्या मुठींत प्रत्येक वेळीं सव्वा लाखच असतो असें नाहीं. कधीं कधीं तींत कोणाचा तरी गळा असतो. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें निघाला. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींचीं दुःखें त्यांत होतीं, आणि तीं आपल्यासारख्याच पांढरपेशा घरांतलीं होतीं. केवढें वादळ उठलें! ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या मुलींचें काय, हा शोध त्या मानानें थोड्यांनीं केला. लेखिकेनें, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनीं, नांव कां लपविलें असावें हें निराळें सांगावयास नको. म्हणजे खरें लिहिण्यांत लेखकाची परीक्षा असते तशीच ती वाचकाचीहि असते. ज्या घरांत खरें ऐकून घेतलें जात नाहीं, त्या घरांतलें माणूस एक तर गप्प बसतें, नाहीं तर टोपणनांव घेतें.

तेव्हां मध्यम मार्ग काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें आम्ही चार गोष्टी सुचवितों. पहिली, जो कोणी घराण्याची हकीकत लिहील त्यानें आरंभ स्वतःपासून करावा. आपली हट्टाची, भित्रेपणाची, आपमतलबाची एक तरी गोष्ट ज्यानें आधीं लिहिली, त्याला दुसऱ्याविषयीं लिहिण्याचा थोडा अधिकार येतो. आणि त्याची लेखणी आपोआप मऊ होते. दुसरी, स्वतः पाहिलेलें आणि ऐकीव यांची भेळ करूं नये. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलें तें त्याच ओळींत लिहावें. तिसरी, हयात माणसाची जी गोष्ट त्याला समोर वाचून दाखविण्याची आपली तयारी नसेल, ती छापूं नये. मात्र वहींत लिहून ठेवण्यास हरकत नाहीं. चौथी, गुणविशेषणें शक्य तितकीं काढून टाकावीं आणि त्या जागीं घडलेली गोष्ट घालावी. परोपकारी असें लिहिण्यापेक्षां, कोणाला किती वर्षें घरीं ठेवून घेतलें तें लिहावें. तापट असें लिहिण्यापेक्षां, ताट कोणत्या दिवशीं व कशावरून भिरकावलें, आणि मग रात्रीं कोणीं कोणाला जेवावयास बोलावलें, तें लिहावें. वाचणारा विशेषण स्वतः ठरवील.

हें काम आतां फार दिवस टाकून चालणार नाहीं. पेण-रोह्याकडचीं जुनीं घरें एकामागून एक बंद होत आहेत. कोंकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. पण तिच्याहि पूर्वींपासून या भागांतलीं माणसें पोटासाठीं मुंबईस जात आलीं, आणि आतां त्यांचीं नातवंडें समुद्रापलीकडे गेलीं. ज्या माजघरांत पंचवीस पानें वाढलीं जात, तेथें आज एखादी थकलेली काकू आणि तिची सोबतीण राहते, किंवा नुसतें कुलूप असतें. घर विकलें जातें तेव्हां भांड्यांची वाटणी होते, दागिन्यांची होते. जुन्या ट्रंकेंतल्या जमाखर्चाच्या वह्या, पत्रें, बाळंतपणाच्या खर्चाचीं टिपणें मात्र रद्दींत जातात. आणि त्या काकूच्या डोक्यांत जें आहे त्याला तर रद्दीचाहि भाव येत नाहीं. कोणती सून कोणत्या सालीं कशानें गेली, कोणत्या मुलीची शाळा कोणीं सोडविली, खंड न देऊं शकलेल्या कोणत्या कुळाच्या घरीं आजीनें रात्रीं गुपचूप भात पाठविला, हें सांगणारें माणूस घरोघरीं आतां एक एकच उरलें आहे.

म्हणून आमची वाचकांना अशी सूचना आहे. पुढच्या वेळीं गणपतीला मंडळी जमतील तेव्हां तें जाड पुस्तक बाहेर निघेलच. त्याबरोबर एक कोरी वहीहि आणावी. घरांतल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ एखाद्या नातवानें किंवा नातीनें बसावें आणि ती सांगेल तें, तिच्याच शब्दांत, न सुधारतां उतरून घ्यावें. हल्लीं खिशांतल्या यंत्रावर आवाजहि धरून ठेवतां येतो. तसें केलें तरी उत्तम, पण नंतर कागदावर उतरवावें. पुरुषमंडळींनीं मध्येंच, अगं तसें नव्हतें तें, असें म्हणूं नये. त्यांना तसें वाटत असेल तर त्यांनीं आपलें पान वेगळें लिहावें. कर्व्यांच्या घरांत हें साधलें, देशमुखांच्या घरांत साधलें. आपल्या घरांत कां साधूं नये? वंशवृक्षावर ज्यांचीं नांवें आहेत त्यांच्याविषयीं विचारून झालें कीं शेवटीं एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्या घरांत राहून गेलेलीं, पण या पुस्तकांत नसलेलीं माणसें कोणकोणतीं? उत्तर यावयास वेळ लागेल. घाई करूं नये; वही मिटूं नये.